टेबलावरची भुतं: कोकणातला भयखेळ चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे सगळं कोणत्या खेळाला धरून आहे?

‘कॉल ऑफ क्थुलू’च्या सातव्या आवृत्तीला. हा टेबलाभोवती बसून खेळायचा भयकथांचा रोलप्लेइंग खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र होतो, आणि कथा चालवतो तो कीपर. केऑसियम या अमेरिकन कंपनीने हा खेळ १९८१ मध्ये काढला. रचनाकार सँडी पीटरसन. सातवी आवृत्ती २०१४ ची. मूळ खेळ १९२० च्या दशकातल्या न्यू इंग्लंडमध्ये घडतो, पण तेच दशक तळकोकणात नेलं की नियमांना धक्काही लागत नाही. खाली सगळी उदाहरणं तिथलीच आहेत. नियम शंभराच्या फाशांचे आहेत: कौशल्याचा आकडा ४० असेल तर फासे ४० किंवा खाली पडले पाहिजेत, म्हणजे रोल लागला; वर पडले तर फसला. त्याच्या निम्म्यात पडले तर कठीण यश, पाचव्या हिश्शात पडले तर अतिकठीण यश. पुस्तकातला नियम कुठला आणि घरचा कुठला, हे जिथल्या तिथे सांगितलं आहे.

भूत आणि राक्षस यात खेळाच्या दृष्टीने फरक काय?

राक्षसाला हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे आकडे, असतात. भुताला अट असते. खेळाडूंना राक्षस दिसला की ते बंदुका मोजतात. भूत दिसल्यावर त्यांनी प्रश्न विचारायला हवेत: कोण मेलं, कसं मेलं, काय राहिलं. तुमच्या टेबलावर भूत आलं आणि खेळाडू तरीही कोयते काढत असतील, तर बहुतेक वेळा दोष कीपरचा असतो. त्याने भुताला फक्त अंगावर धावून जायचं काम दिलेलं असतं.

भूत तयार करताना कागदावर नेमकं काय लिहायचं?

पाच ओळी पुरतात. कोण आणि कसं मेलं. काय राहून गेलं. कुठे बांधलेलं आहे. त्याला काय चालत नाही. आणि ते आता कोणाकडे काय मागतं. यातली दुसरी आणि पाचवी ओळ वेगवेगळी ठेवा, कारण राहून गेलेली गोष्ट आणि मागितली जाणारी गोष्ट यांच्या मधल्या अंतरातच तपास घडतो.

एक मुंजा घेऊ. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही सर्वत्र ठाऊक असलेली समजूत. आपला मुलगा आठ वर्षांचा. १९११ साली, मुंजीनंतर आठव्या दिवशी, परसातल्या विहिरीत सापडला. वडील आधीच गेलेले. आई विधवा, आलवण नेसणारी, म्हणून शुभकार्यात तिला पुढे येऊ दिलं नाही. मातृभोजनाला मुलाच्या पानावर आईऐवजी चुलती बसली. राहून गेलं ते हे. त्या दिवशी आईच्या पानातला शेवटचा घास त्याला मिळाला नाही.

आता मागणं. मुंजा ‘मला आई द्या’ असं म्हणत नाही. ज्या घरात आई आठ वर्षांच्या आतल्या मुलाला भरवते, त्या घरच्या पानातला पहिला घास नाहीसा होतो. गावाला वाटतं, मुंजाला भूक आहे. पारावर दहीभाताचे नैवेद्य ठेवले जातात, ते तसेच आंबून जातात. बांधलेला कुठे? सगळे पिंपळाकडे बोट दाखवतात, पण खरा बांधलेला आहे विहिरीच्या रहाटाला. काय चालत नाही? चुलतीच्या हातचं काहीही. ती घरात असेल त्या रात्री कौलांवर दगड पडतात. सुटका एकच: माजघरात तेरा वर्षं कोंडून घेतलेल्या म्हातारीने, केस भादरलेल्या त्या आईने, विहिरीच्या काठावर पान मांडून घास काढून ठेवायचा. अडसर चुलत्याचा. वहिनी चार लोकांसमोर आली, की मुलाच्या वाटणीच्या जमिनीचं काय झालं, हा प्रश्न निघणार.

मुलगा विहिरीत पडला की ढकलला, हे तुमच्या वहीत पक्कं लिहून ठेवा. खेळाडू विचारणारच. मग तोंडाला पानं पुसता येत नाहीत.

भुताला आकडे किती द्यायचे?

देहाचे आकडे देऊ नका. ताकद, अंगकाठी, हिट पॉइंट काही नको. पॉवर (मनाचं बळ) आणि इंटेलिजन्स (बुद्धी) दोनच ठेवा. वरच्या मुंजाला पॉवर ६०, इंटेलिजन्स ५०. जुनं, हट्टी भूत असेल तर पॉवर ८० ते ९०. शंभराच्या वर नेलंत तर साधं माणूस त्याच्यापुढे उभंच राहू शकत नाही आणि सामना नावापुरता उरतो.

पॉवरचा पाचवा हिस्सा म्हणजे मॅजिक पॉइंट, हे पुस्तकातलंच. पॉवर ६० म्हणजे १२ पॉइंट. यापुढचा नियम घरचा: हे १२ पॉइंट म्हणजे भुताचा एका रात्रीचा खर्च. दगड टाकणं १, दार आपटणं किंवा दिवा विझवणं १, आवाज २, दिसणं ३, अंगात शिरण्याचा प्रयत्न ४. संपले की त्या रात्रीपुरतं भूत थकलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा पूर्ण.

याचा फायदा असा, की कीपरचा हात आवरतो. एका रात्रीत दगड, किंकाळी, सावली, रक्ताचे ठसे असं सगळं ओतलं की चौथ्या प्रकाराला कोणी घाबरत नाही. आणि हुशार खेळाडूला हिशेब लागतो. तो मुद्दाम चुलतीला ओटीवर बसवतो, भुताला दगडांत पॉइंट उधळायला लावतो आणि उत्तररात्री विहिरीवर जातो. अशा खेळाडूला अडवू नका.

कोणतं भूत कशासाठी वापरायचं?

हाताशी असलेली सगळी भुतं एकाच कामाची नाहीत.

चकवा हे भूत कमी आणि जागा जास्त. रात्री वाट चुकवतो, माणूस उजाडेपर्यंत त्याच त्या मळ्यात फिरत राहतो. याला चेहरा देऊ नका. नॅव्हिगेट, म्हणजे वाट काढायचं कौशल्य, न शिकलेल्या पात्राकडे १० असतं. म्हणून ‘वाट सापडली का’ असा रोल वारंवार मागितलात तर तासभर नुसते फासे पडत राहतील. त्याऐवजी तीन फेऱ्या ठरवा. पहिल्या फेरीत एक ठळक खूण दाखवा, समजा बांधावरचा मोडका गडगा आणि त्याला टेकवलेली काठी. दुसऱ्या फेरीत तोच गडगा, काठी नाही. तिसऱ्या फेरीत काठी परत आहे आणि तिला ओला चिखल लागलाय. चालत राहणाऱ्याला प्रत्येक फेरीला ०/१ सॅनिटी, म्हणजे मनाचं भान मोजणाऱ्या आकड्यावर रोल: लागला तर काही जात नाही, फसला तर एक पॉइंट जातो. जो खाली बसतो आणि उजाडायची वाट बघतो, तो सुटतो. खेळाडूंना बसून राहणं अजिबात जमत नाही, म्हणूनच चकवा चालतो.

गिऱ्हा पाण्यातला. खाडी, ओढा, भरतीच्या वेळची होडी. ओळखीच्या आवाजात हाक मारतो, सोबत चालू लागतो, बोलत बोलत खोल पाण्यात नेतो. त्याचा केस हाती लागला तर तो राबायला लागतो, अशीही समजूत आहे, आणि मोहाच्या कथेसाठी ती सोन्यासारखी आहे. गावातला एक माणूस अचानक श्रीमंत का झाला, याचं उत्तर त्याच्या पेटीतल्या एका केसात ठेवा. केस परत केला की गिऱ्हा सुटतो. मग इतकी वर्षं केलेल्या कामाची मजुरी मागायला तो कोणाच्या दारात जाईल, हे सांगायला नको.

समंध धनाला चिकटलेला. वाटणीच्या, पुरलेल्या हंड्याच्या, दस्तऐवजाच्या कथांना हा. वाचनालय, तलाठ्याचं दप्तर, जुनी खतं यांत ज्यांना रस आहे अशा खेळाडूंना तो आवडतो.

जखीण सवाष्ण मेलेली, इच्छा राहिलेली. घराच्या आतली भीती तिची. दुसरं लग्न झालेल्या नवऱ्याचं घर घ्या आणि पहिलीचे दागिने दुसरीच्या अंगावर घाला. बाकी कथा आपोआप लिहिली जाते.

हडळ पुढून देखणी, पाठीने पोकळ. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण ती बाळंतपणात मेलेली असते.

आणि खविस?

खविस, झोटिंग वगैरेंच्या व्याख्या गावागणिक बदलतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांत एखाद्या जातीचा किंवा धर्माचा माणूस ‘मेल्यावर असा होतो’ असं येतं. ते टेबलावर आणू नका. नाव ठेवा, दांडगेपणा ठेवा, जातधर्म काढून टाका. खेळाचं काही बिघडत नाही.

वेताळाला खलनायक करता येईल का?

नको. वेताळ भुतांचा राजा खरा, पण तळकोकणात आणि गोव्यात तो ग्रामदैवत आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. काणकोण तालुक्यातल्या लोलयेत बेताळाची जुनी दगडी मूर्ती आहे. देवचार, राखणदार हेही याच बाजूचे. अशांना सॅनिटीचा आकडा आणि हल्ल्याची टक्केवारी देणं विचित्र दिसतंच, शिवाय टेबलावर कोणाच्या तरी घरचा तो देव असतो.

वापरायचं असेल तर पंच म्हणून वापरा. अमावास्येच्या रात्री दूरवर पलित्यांची रांग सरकताना दिसते, कुत्री गप्प होतात, आणि तेवढा वेळ गावातलं भूतही हालचाल करत नाही. खेळाडूंना अर्ध्या तासाची उसंत मिळते आणि भुतापेक्षा मोठं काही आहे हेही कळतं. राखणदाराचं रोट, विडी राहून गेली असेल, तर ती चूक कथेच्या मुळाशी ठेवता येते. राखणदाराशी झुंज मात्र लावू नका.

सॅनिटी किती कापायची? प्रत्येक वेळी अंदाजच चुकतो.

अंदाज चुकतो, कारण सरासरीकडे कोणी बघत नाही. सॅनिटी ६० असलेलं पात्र घ्या. रोल फसण्याची शक्यता ४० टक्के. ‘१/१डी६’ असा आकडा ठेवला (रोल लागला तर १, फसला तर सहा बाजूंच्या एका फाशावर पडेल तेवढे) तर सरासरी दोन पॉइंट जातात. पण महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. एका रोलमध्ये ५ किंवा जास्त गेले की इंटेलिजन्सचा रोल येतो, आणि तो लागला तर तात्पुरतं वेड. (रोल लागणं इथे वाईट. पाहिलेलं काय होतं हे मनाला पुरतं उमगलं, म्हणून.) ‘१/१डी६’ला एका पात्राचे पाच-सहा जाण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. चार पात्रं एकदम बघत असतील तर त्यातल्या निदान एकाचे जाण्याची शक्यता ४४ टक्के. ‘०/१डी१०’ ठेवलंत तर हीच शक्यता एकट्याला २४ आणि चौघांत मिळून ६७ टक्क्यांवर जाते. म्हणजे पहिल्याच दर्शनाला १डी१० लावणारा कीपर तीनपैकी दोन वेळा कोणाला तरी तात्पुरत्या वेडाच्या दारात उभं करतो.

मुंजासाठी चढण अशी ठेवता येईल: घास नाहीसा होणं, काहीच नाही, फक्त वर्णन. रात्री कौलांवर दगड, ०/१. विहिरीपासून चुलीपर्यंत लहान ओल्या पावलांचे ठसे, ०/१डी३. रहाटावर बसलेला मुलगा, १/१डी६. पहिल्या पायरीला फासे न मागणं फार उपयोगी पडतं. जिथे रोल नाही तिथे खेळाडूंचा पहारा सैल असतो.

पुस्तकातल्या दोन गोष्टी विसरल्या जातात. एका दिवसात सॅनिटीचा पाचवा हिस्सा गेला, म्हणजे ६० पैकी १२, तर दीर्घकाळाचं वेड येतं. त्यामुळे खेळातला दिवस कधी संपतो हे जाहीर करा. दुसरी, एकाच प्रकारच्या दृश्याने एकूण नुकसान त्याच्या कमाल आकड्याच्या वर जात नाही. १डी६ वाल्या मुंजाने सहा खाल्ले, की त्या पात्राची त्याला बघून आणखी झीज होत नाही. तिथून पुढे त्याला भीती नको, कणव येऊ द्या.

सॅनिटीचा रोल लागला की खेळाडू ‘मी घाबरलो नाही’ म्हणतो. काय करायचं?

रोल लागला म्हणजे भान सुटलं नाही, इतकंच. घाम सुटू शकतो, हातातला कंदील हलू शकतो. रोल मागायच्या आधी वर्णन पूर्ण करा. ‘सॅनिटी टाका’ हे आधी म्हटलंत तर पुढचं कोणी ऐकत नाही, सगळे फाशांकडे बघतात.

भुताला मारता येतं का? गोळी, कोयता, मीठ, क्रूस?

देह नसलेल्याला नेहमीची हत्यारं लागत नाहीत. मिठाची रेघ वगैरे परदेशी पडद्यावरून आलेल्या गोष्टी आहेत. चर्च असलेल्या गोव्यातल्या वाड्यावर क्रूस शोभेल, ब्राह्मणवाडीत नाही. अंगारा, लिंबू, नारळ, उतारा हे गावचे उपाय आहेत आणि ते वापरू द्या, पण त्यांनी भूत संपू देऊ नका. घरचा नियम: योग्य उपाय योग्य जागी केला तर त्या रात्री भुताच्या खर्चातून ३ पॉइंट कमी. चुकीच्या जागी केला तर काही नाही, आणि त्यातूनच खेळाडूंना कळतं की जागा चुकलीय. पिंपळाला नारळ फोडून दगड थांबत नाहीत, पण विहिरीवर फोडल्यावर थांबतात, हा सरळ पुरावा झाला.

अंगात शिरणं कसं खेळायचं? खेळाडूचं पात्र हिसकावून घेतलं की तो चिडतो.

चिडणारच. पात्र काढून घेऊ नका, त्यालाच भूत खेळायला द्या.

सामना पॉवरविरुद्ध पॉवर. दोघे फासे टाकतात, ज्याच्या यशाची पायरी वरची तो जिंकतो. पायरी सारखी असेल तर ज्याचा आकडा मोठा तो. हा रोल पुश करता येत नाही, म्हणजे फसल्यावर धोका पत्करून पुन्हा टाकता येत नाही. घरच्या नियमाने तीन टप्पे करा. भूत पहिल्यांदा जिंकलं, तर पात्राच्या तोंडून एक वाक्य. दुसऱ्यांदा जिंकलं, तर एक कृती. तिसऱ्यांदा, तर कोंबडा आरवेपर्यंत पूर्ण ताबा. प्रत्येक प्रयत्नाला ४ पॉइंट खर्च, म्हणजे १२ पॉइंटांचा मुंजा एका रात्रीत दुसरं काहीही न करता जेमतेम तिसऱ्या टप्प्याला पोचतो.

वाक्य किंवा कृती चिठ्ठीवर लिहून खेळाडूच्या हातात द्या. ‘काकूकडे बघ आणि म्हण: तू का बसलीस?’ एवढंच. कोण, कुठे, पान कुठलं, हे काही सांगू नका. तो खेळाडू ते वाक्य तुमच्यापेक्षा चांगलं म्हणेल, कारण त्यालाही त्याचा अर्थ ठाऊक नाही. पूर्ण ताब्याच्या वेळी त्याला भुताच्या पाच ओळींतली फक्त पाचवी दाखवा.

दुसऱ्या खेळाडूच्या पात्राला इजा करायची कृती मात्र पहिल्या दोन टप्प्यांत कधीच देऊ नका. त्यातून टेबलावरची भांडणं खेळ संपल्यावरही चालू राहतात.

कौल लावण्याचा प्रसंग आला तर? फासे टाकून हो-नाही ठरवायचं?

नाही. फाशांनी खरंखोटं ठरवलं की कौल म्हणजे नाणेफेक होते. कथेत कौल नेहमी खरा ठेवा आणि मर्यादा प्रश्नांवर घाला: तीनच प्रश्न, आणि उत्तर होकार किंवा नकार एवढंच. देवाच्या अंगावर ओले कळे लावलेत, गुरव उभा आहे, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. खेळाडू दहा मिनिटं फक्त प्रश्न कसा विचारायचा यावर वाद घालतील. तीच त्या प्रसंगाची गंमत.

कौल खोटा पडायचाच असेल तर माणसाकडून पडू द्या. चुलत्याने गुरवाला हाताशी धरलंय आणि डाव्या बाजूचा कळा पाण्याऐवजी गुळाने चिकटवलाय. तिथे स्पॉट हिडनचा, म्हणजे लपलेलं हेरण्याचा रोल, कठीण यश लागेल असा. चिकटलेल्या कळ्यावर मुंगी चढताना दिसली की चाणाक्ष खेळाडूला पुढचं सांगावं लागत नाही.

गाऱ्हाण्याचा प्रसंग तर हातचा सोडू नका. कीपरने एकेक ओळ म्हणायची आणि सगळ्या टेबलाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात घेतलं, त्याला त्या रात्रीच्या पहिल्या पॉवर सामन्यात बोनस फासा, म्हणजे दहांचे दोन फासे टाकून लहान तो घ्यायचा. मालवणी येत नसेल तर उगाच नक्कल करू नका, साध्या मराठीत म्हणा.

भगत किंवा देवरुषी आणला की तोच सगळं सोडवतो. काय चुकतं?

त्याला सगळं माहीत असतं, हे चुकतं. त्याला पाचपैकी एकच ओळ माहीत असू द्या, आणि तीही अर्धी. आपल्या भगताला ‘मुंजाला बाईच्या हातचं हवंय’ इतकं ठाऊक आहे. कोणत्या बाईच्या, ते नाही. म्हणून तो चुलतीलाच पुढे करतो आणि त्या रात्री सगळ्यात वाईट गोष्टी घडतात.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साखळीने बांधणं, धुरी देणं हे प्रसंग रंगवून दाखवू नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली हे गुन्हे आहेत, आणि त्यामागे खरी माणसं आहेत. कथेत आणायचंच असेल तर भगताची क्रूरता म्हणून आणा, उपाय म्हणून नाही. मारहाणीने भूत उतरतं असा निकाल तुमच्या टेबलावर कधीच लागू नये. तसंच, खेळातल्या एखाद्या मनोरुग्ण माणसाचं उत्तर शेवटी ‘भूत होतं’ असं काढू नका.

खेळाडू म्हणतात, ‘आम्ही गाव सोडून जातो.’

जुलै महिना ठेवा. १९२० च्या दशकात मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत जाणाऱ्या किनारी आगबोटी पावसाळ्यात बंद असत. कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ उजाडायचंय. घाट चढायचा तर नद्या फुगलेल्या. तार करायची तर तालुक्याच्या गावी चालत जायचं. सावंतवाडी संस्थानाच्या हद्दीत प्रसंग घडला आणि पात्रं रत्नागिरी जिल्ह्यातल्या फौजदाराकडे गेली, तर तो हात वर करणार. हद्द पलीकडे गोव्यात गेली तर पोर्तुगीज अंमल.

एवढं करूनही जायचंच असेल तर जाऊ द्या. मग मुंबईत गिरणगावच्या खोलीत जेवायला बसल्यावर पहिला घास नाहीसा होऊ द्या. पण त्याचं कारण तयार ठेवा: कोणीतरी रहाटाचा दोर सामान बांधायला आणलाय.

१९२० च्या दशकातल्या पात्रांना भुतांची माहिती कुठून मिळेल?

लायब्ररी यूज (कागदपत्रांतला शोध) आणि ऑकल्ट (गूढविद्या) या कौशल्यांना इथे छान जागा आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून गावोगावच्या लोकसमजुती लिहून मागवल्या होत्या. १९०९ मध्ये त्यांचा खून झाला, आणि पुढे आर. ई. एन्थोवेन या अधिकाऱ्याने ती माहिती संपादून छापली. म्हणजे तुमच्या गावच्या मास्तराने पाठवलेल्या उत्तराची नक्कलप्रत शाळेच्या कपाटात असणं अगदी शक्य. त्यातला एक परिच्छेद मोडीवळणाच्या अक्षरात लिहून खेळाडूंपुढे ठेवा. शेवटची ओळ खोडलेली असू द्या.

महत्त्वाचा धागा कधीही एकाच रोलमागे लपवू नका. लायब्ररी यूजची सुरुवात २० वर होते. रोल फसला तरी कागद सापडतोच, फक्त वेळ जातो: दोन तासांऐवजी दिवस, आणि मधल्या रात्री भुताला आणखी १२ पॉइंट मिळतात.

खेळाडू हसतात. वातावरणच जमत नाही.

पहिला अर्धा तास हसू द्या, ते थांबवता येत नाही. दिवे मंद करा, पण फासे आणि कागद दिसतील इतपत. पूर्ण अंधारात सगळे मोबाइलची बॅटरी लावतात आणि उरलीसुरली भीतीही जाते. पार्श्वसंगीतापेक्षा पावसाचा सलग आवाज बरा, आणि ऐन प्रसंगी तो बंद करणं त्याहून बरं. वर्णनात एक विचित्र गोष्ट पुरते. ‘भयानक’, ‘अघोरी’, ‘अंगावर काटा आणणारा’ हे शब्द खेळाडूंच्या मनाचं काम तुम्ही करायला लागलात याची खूण आहेत. रहाट फिरतोय आणि दोराला वजन आहे, एवढं सांगा आणि गप्प बसा.

ऑनलाइन खेळत असाल, कीपर पुण्यात आणि खेळाडू न्यू जर्सीत असले, तर चिठ्ठीऐवजी खासगी संदेश पाठवा आणि आवाज आळीपाळीने बंद ठेवा. कॅमेरे बंद केले तर उलट बरं.

हडळीसारखे विषय टेबलावर आणावेत का?

विचारून. बाळंतपणातला मृत्यू, लहान मुलाचा मृत्यू, विधवेचे हाल, आत्महत्या: कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक भुतामागे यातलं काहीतरी आहे. पहिल्या सेशनच्या आधी यादी सगळ्यांना पाठवा आणि प्रत्येकाकडून दोन गोष्टी खासगीत विचारून घ्या: काय अजिबात नको, आणि काय चालेल पण पडद्याआड. शिवाय टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड ठेवा. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांची ही साधी कल्पना: कोणीही कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथेच वगळायचा, कारण विचारायचं नाही. ‘आपण सगळे मित्रच आहोत’ म्हणून हे टाळलं जातं, आणि नेमकं मित्रांनाच नको म्हणणं जड जातं.

कोणी खरोखर भुतं मानणारं असेल तर त्याची थट्टा नको. आणि टेबलावर खरा उतारा, खरं लिंबू, खरा अंगारा आणू नका. कागदावर लिहिलेलं पुरतं.

एका कथेत किती भुतं?

एक. फार तर एक आणि एक चकवा.

किती सेशन लागतात?

वरचा मुंजा चार खेळाडूंना साडेतीन-चार तासांची दोन सेशनं पुरतो. पहिलं ओल्या पावलांच्या ठशांवर तोडा, मुलगा दिसायच्या आधी. मधल्या आठवड्यात खेळाडू आपसांत तर्क लढवतात. त्यातला एखादा तुमच्या वहीतल्यापेक्षा सरस निघाला तर बिनधास्त उचला.

भुताची सुटका झाली की किती सॅनिटी परत द्यायची?

आईने घास काढून ठेवला तर १डी६. चुलत्याचं बिंग फुटलं, जमीन आईच्या नावावर झाली तर आणखी १डी४. आईला फरफटत विहिरीवर आणलं आणि तिच्याकडून जबरदस्तीने घास ठेववला, तर मुंजा जातो, सॅनिटी मिळत नाही. विहीर बुजवून टाकली तर तो जातही नाही. फक्त रहाटाचा दोर कोणाच्या घरी गेला हे लक्षात ठेवा, पुढची कथा तिथून सुरू होते.